सोलापूर जिल्ह्यातील कर्करोगोपचार : खर्च, कर्ज आणि रुग्णाचे मन

सोलापूर जिल्ह्याच्या अर्वाचीन इतिहासाचे लेखन करताना अभ्यासकांनी कापडगिरण्या, अवर्षणे, प्लेगच्या साथी आणि १९३० मधील लष्करी कायदा या विषयांचा यथायोग्य परामर्श घेतलेला आहे. रोगांच्या इतिहासात मात्र साथीच्या रोगांनाच अग्रस्थान मिळाले, आणि ते स्वाभाविकही होते. साथ आली म्हणजे सरकार जागे होते, हुकूम निघतात, मृतांची गणना होते, आणि पुढील इतिहासकाराच्या हाती दप्तर पडते. कर्करोगाची गोष्ट निराळी आहे. तो एकेका घरात शिरतो, तेथे वर्ष-दोन वर्षे मुक्काम करतो, आणि त्याचे कागद सरकारी दप्तरात न जाता घरातील पत्र्याच्या पेटीत राहतात : तपासणीचे अहवाल, औषधांच्या पावत्या, आणि त्यांच्याच जोडीला सोनाराकडील अथवा पतसंस्थेकडील तारणाची चिठ्ठी. हे दोन प्रकारचे कागद एकाच पेटीत का सापडतात, आणि त्या शेजाराचा रुग्णाच्या मनावर कोणता परिणाम होतो, हा या जिल्ह्याच्या सामाजिक इतिहासाचा एक दुर्लक्षित प्रश्न होय. त्याचा विचार करण्यास दोन साधने उपलब्ध आहेत. पहिले साधन म्हणजे बार्शी येथील कर्करोगाची नोंदणी व तिच्या अनुषंगाने झालेले संशोधन. दुसरे साधन म्हणजे लोकांची बोली. हे दुसरे साधन वैद्यकाच्या इतिहासकारांनी फारसे हाताळलेले नाही.

प्रथम रोगाच्या नावाचा विचार करणे इष्ट ठरेल. ‘कर्करोग’ हा शब्द दिसावयास संस्कृत असला तरी परंपरेने आलेला नव्हे. सुश्रुतादी ग्रंथकारांनी अशा विकारांचे वर्णन ‘ग्रंथि’ आणि ‘अर्बुद’ या संज्ञांखाली केले आहे. खेकड्याची कल्पना ग्रीक वैद्यकातील. गाठीभोवती फुगलेल्या शिरा खेकड्याच्या नांग्यांसारख्या दिसतात, असे गेलनने तिचे स्पष्टीकरण दिले होते. ग्रीक ‘कार्किनोस’ आणि संस्कृत ‘कर्कट’ हे सगोत्र शब्द मानले जातात, त्यामुळे अर्वाचीन मराठीने केलेले हे भाषांतर जणू घरचाच शब्द परत यावा तसे सहज रुळले. रुळले ते मात्र लेखनात. बोलण्यात ‘कॅन्सर’ हाच शब्द आला, आणि तोही पुष्कळदा आवाज खाली आणून उच्चारला जातो. एरवी ‘गाठ’, ‘मोठा आजार’, ‘वाईट दुखणे’ अशा आडवळणांनी काम भागविले जाते. उपचारांचीही हीच कथा आहे. किरणोपचार हा शब्द फलकावर राहतो आणि लोक ‘लाईट दिली’ असे म्हणतात. गर्भाशयाच्या शस्त्रक्रियेस ‘पिशवी काढली’ म्हणतात. रक्तस्रावाचा उल्लेख ‘अंगावरून जाते’ एवढ्या दोन शब्दांत आटोपतो, आणि पुष्कळ स्त्रिया तेवढेही बोलत नाहीत.

या आडवळणी शब्दांत एक स्थलवाचक प्रयोग विशेष लक्ष देण्याजोगा आहे. ‘त्यांना टाटाला नेले’ असे कोणी सांगितले म्हणजे रोगाचे नाव निराळे विचारावे लागत नाही. मुंबईच्या परळ भागातील टाटा स्मारक रुग्णालय २८ फेब्रुवारी १९४१ रोजी उघडले. लेडी मेहेरबाई टाटा यांचा १९३१ मध्ये रक्ताच्या कर्करोगाने मृत्यू झाला. त्यानंतर सर दोराबजी टाटा यांच्या नावाच्या विश्वस्त निधीने ही संस्था उभारली. १९५७ मध्ये ती केंद्र शासनाच्या आरोग्य मंत्रालयाकडे गेली, १९६२ मध्ये अणुशक्ती विभागाकडे आली, आणि १९६६ मध्ये संशोधन केंद्राशी तिचे एकीकरण झाले. संस्थेचा हा प्रशासकीय इतिहास सर्वज्ञात आहे. सोलापूरच्या दृष्टीने महत्त्वाची गोष्ट एवढीच की, त्यानंतरची सुमारे चार दशके या जिल्ह्यातील रुग्णाला विशेषोपचार हवे असल्यास रेल्वेने साडेचारशे किलोमीटर दूर जावे लागे. शस्त्रक्रियेसाठी मिरजेचा रस्ता त्याच्या आधीपासून परिचित होता. विल्यम वानलेस यांनी १८९४ मध्ये तेथे उघडलेल्या मिशन रुग्णालयाकडे दक्षिण महाराष्ट्रातून रुग्ण जात असत. परंतु मिरजेस जाऊन शस्त्रक्रिया करून परतणे आणि मुंबईत महिनोन्महिने राहून ‘लाईट’ घेणे यांत मोठा फरक होता. पहिल्यात प्रवासाचा खर्च एकदाच होई. दुसऱ्यात एका माणसाचा रोग दोन माणसांची कमाई बंद पाडी, कारण रुग्णाबरोबर कोणीतरी राहणे भागच असे.

‘बरोबर राहणाऱ्या’ या माणसासाठी मुंबईत हळूहळू एक निराळीच व्यवस्था निर्माण झाली. दादरची गाडगे महाराज धर्मशाळा, परळची नाना पालकर स्मृती समिती, वांद्र्याचे अर्नेस्ट बोर्जेस स्मारक गृह ही नावे ग्रामीण महाराष्ट्रातील हजारो कुटुंबांना ठाऊक आहेत. मराठी माणसाला यात्रेची सवय आहे, आणि धर्मशाळा हा मूळचा यात्रेचाच शब्द. पंढरपूर ज्या जिल्ह्यात आहे तेथील माणसांना धर्मशाळेत उतरणे अपरिचित वा कमीपणाचे वाटण्याचे कारण नव्हते. ज्यांना या ठिकाणी जागा मिळाली नाही त्यांनी रुग्णालयाभोवतीच्या पदपथांवर दिवस काढले, हेही मुंबईने पाहिलेले आहे.

आता खर्चाच्या दुसऱ्या बाजूकडे वळावे. सोलापूर जिल्हा आणि कर्ज यांचा संबंध इतिहासास नवा नाही. १८७५ मध्ये पुणे व नगर जिल्ह्यांत सावकारांविरुद्ध दंगे झाले. त्यानंतर १८७९ मध्ये दख्खनच्या शेतकऱ्यांच्या संरक्षणार्थ जो कायदा करण्यात आला तो पुणे, सातारा, नगर आणि सोलापूर या चार जिल्ह्यांना लागू होता. शेतकरी कर्जबाजारी होतो तो लग्नकार्यातील उधळपट्टीमुळे, हे मत त्या काळी अधिकारी वर्गात प्रचलित होते. दंग्यांच्या चौकशीसाठी नेमलेल्या आयोगाने मात्र या कारणाला अवाजवी महत्त्व दिले गेल्याचे नमूद केले. तरीही ते मत पुढे शंभर वर्षे पाठ्यपुस्तकांतून चालू राहिले, ही गोष्ट चमत्कारिक म्हटली पाहिजे. त्या काळच्या चर्चेत सारा, अवर्षण, भाव आणि लग्न ही कारणे पुन्हापुन्हा येतात. आजारपणाला तेथे स्वतंत्र स्थान मिळत नाही. त्याचे कारण उघड आहे. ज्या रोगावर विकत घेण्यासारखा उपचारच नव्हता त्या रोगाने माणूस नेला तरी जमीन नेली नाही. उपचार उपलब्ध झाला तेव्हाच रोग कर्जाचे कारण होऊ शकला. कर्करोगाच्या बाबतीत हा पालट या जिल्ह्यात १९४१ नंतर हळूहळू आणि १९८० नंतर वेगाने घडला.

या कर्जाची भाषा जुन्या सावकारी कर्जाहून भिन्न आहे. शेतीसाठी कर्ज ‘काढतात’, बैलासाठी ‘घेतात’, कारखान्याकडून वा मुकादमाकडून ‘उचल’ घेतात. आजारासाठी मात्र पैसा ‘उभा करावा’ लागतो, आणि दागिना ‘मोडावा’ लागतो. पाटल्या, मग पोत, आणि अखेरीस डोरले, हा क्रम ठरलेला असतो. शेतीच्या कर्जामागे पिकाची आशा असते, लग्नाच्या कर्जामागे निदान मांडवाची शोभा असते. आजाराच्या कर्जातून बरा झालेला माणूस तेवढा मिळतो, आणि तोही मिळेलच अशी शाश्वती नसते. हे हिशेब घरात मोठ्याने कोणी बोलत नाही, पण रुग्णाला ते कळतात. ‘दवाखाना मागे लागला’ असे आपल्याकडे म्हणतात. साडेसाती मागे लागते, सावकार मागे लागतो, तसाच दवाखाना. पाश्चात्त्य देशांत २०१० नंतरच्या दशकात कर्करोगतज्ज्ञांनी खर्चाच्या या परिणामाला औषधाच्या विषारी परिणामांच्या धर्तीवर एक पारिभाषिक नाव दिले, आणि तो अभ्यासाचा स्वतंत्र विषय झाला. मराठीत त्यासाठी नवी संज्ञा घडविण्याचे प्रयत्न होतील. ती संज्ञा ‘मागे लागणे’ या क्रियापदाइतकी नेमकी ठरेल असे वाटत नाही.

मराठीतील ‘काढणे’ या क्रियापदाचे दोन प्रयोग येथे शेजारी ठेवून पाहण्यासारखे आहेत. ‘सुनेने सासूचे दुखणे काढले’ म्हणजे तिची शुश्रूषा केली, उस्तवार केली. ‘सासूने दुखणे अंगावर काढले’ म्हणजे कोणास न सांगता, उपचार न घेता सोसले. पहिल्या प्रयोगात दुखणे घराचे आहे, दुसऱ्यात ते एकटीचे आहे. कर्करोगाच्या निदानास होणाऱ्या विलंबाची कारणे वैद्यकीय निबंधांत अज्ञान, अंतर आणि दारिद्र्य अशी दिली जातात, आणि ती खरीही आहेत. परंतु अंगावर काढणारी स्त्री नेहमीच अज्ञानी असते असे नव्हे. पुष्कळदा तिने हिशेब केलेला असतो. मुलीचे लग्न व्हावयाचे आहे, सोयाबीन अजून विकले गेलेले नाही, दवाखान्यात गेले म्हणजे ते काहीतरी काढतील, आणि मग घर खर्चात येईल. ‘माझा घराला भार नको’ हे वाक्य उपचार नाकारणाऱ्या वृद्धांच्या तोंडी वारंवार येते. भार हा शब्द वजनाचा, तोच कर्जाचा, आणि तोच मनाचाही. मनःस्वास्थ्य आणि अर्थकारण ही दोन प्रकरणे वेगळी करणे शास्त्राच्या सोयीचे असेल, पण हे वाक्य बोलणाऱ्याने ती वेगळी केलेली नाहीत.

जिल्ह्यातील परिस्थिती बदलण्यास प्रारंभ झाला तो बार्शीस. भगवंताचे क्षेत्र आणि धान्याची पेठ म्हणून प्रसिद्ध असलेले हे गाव मुंबई इलाख्याच्या अगदी सीमेवर होते. त्याच्या पलीकडील परांडा व भूम हे तालुके १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यात मोडत. १८९७ मध्ये सुरू झालेली बार्शी लाइट रेल्वे याच पेठेच्या व्यापारासाठी आली आणि पुढे लातुरापर्यंत गेली. माल ज्या वाटांनी येत असे त्याच वाटांनी रुग्णही येऊ लागले, यात नवल नाही. १९८० नंतरच्या दशकात डॉ. भगवान नेने यांच्या पुढाकाराने येथे ग्रामीण कर्करोग संशोधन व साहाय्य संस्थेमार्फत कर्करोग रुग्णालय उभे राहिले. अभिनेत्री नर्गिस दत्त यांचे ३ मे १९८१ रोजी कर्करोगाने निधन झाले होते, आणि रुग्णालयास त्यांचेच नाव देण्यात आले. न्यूयॉर्कच्या विख्यात रुग्णालयात उपचार घेतलेल्या स्त्रीचे नाव ज्वारीच्या मुलखातील रुग्णालयास मिळावे, हा योगायोग उल्लेखनीय खराच.

१९८७ मध्ये बार्शीस भारतातील पहिली ग्रामीण कर्करोग नोंदणी सुरू झाली. मुंबईत अशी नोंदणी १९६३ पासून होती, आणि भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने १९८० नंतर राष्ट्रीय पातळीवर हा कार्यक्रम हाती घेतला होता. परंतु या नोंदण्या शहरांच्या होत्या. शहरात रुग्णालयांकडून माहिती गोळा केली की काम भागते. बार्शी, परांडा आणि भूम या तीन तालुक्यांतील ३४६ गावांत रुग्णालयाची वाट पाहून भागणार नव्हते, कारण रुग्ण रुग्णालयात येतच नव्हते. तेव्हा नोंदणीचे कार्यकर्ते गावोगाव जाऊ लागले. सरपंच, शिक्षक, दाई अशा माहीतगार माणसांशी त्यांनी ओळखी केल्या. रोगाच्या लक्षणांविषयी ते लोकांशी बोलत, संशयित व्यक्तींना तपासणीस येण्याची विनंती करीत, आणि न आल्यास पुन्हा जात. इंग्रजांच्या आणि निजामाच्या जुन्या सीमेच्या दोन्ही बाजूंची खेडी अशा रीतीने एका वहीत आली.

या नोंदणीतून दोन गोष्टी निष्पन्न झाल्या. पहिली, ग्रामीण भागातील कर्करोगाचे प्रमाण मुंबईच्या मानाने बरेच कमी, ढोबळमानाने निम्मे, असल्याचे दिसले, आणि स्त्रियांत गर्भाशयमुखाच्या कर्करोगाचे प्राधान्य दिसून आले. दुसरी गोष्ट अनपेक्षित होती आणि इतिहासाच्या दृष्टीने तिचे मोल अधिक आहे. नोंदणी सुरू होऊन काही वर्षे लोटतात तोच गर्भाशयमुखाच्या कर्करोगाचे रुग्ण पूर्वीपेक्षा लवकरच्या अवस्थेत येऊ लागल्याचे आढळले. डॉ. कस्तुरी जयंत, डॉ. नेने व त्यांचे सहकारी यांनी १९९५ मध्ये हा निष्कर्ष प्रसिद्ध केला. नवे यंत्र आले नव्हते, नवे औषधही आले नव्हते. माणसे गावात जाऊन बोलली होती, एवढाच फरक होता. ‘अंगावरून जाते’ हे वाक्य उच्चारण्यास श्रोता मिळाला आणि त्याची परिणती रोगाच्या अवस्थांच्या कोष्टकात उमटली, असे म्हणण्यास हरकत नाही. लवकरच्या अवस्थेतील उपचार अल्पखर्चाचा व अल्पकाळाचा असतो. अर्थात ज्या घरांत हा संवाद झाला त्यांपैकी काही घरांची जमीन व दागिने त्यामुळे वाचले असले पाहिजेत. किती घरांचे, हे कोष्टकात नाही, कारण नोंदणीच्या पत्रकात रोगाचे स्थान, अवस्था, उपचार आणि मृत्यू यांना जागा आहे, कर्जाला नाही.

याच पायावर पुढे उस्मानाबाद, म्हणजे आजच्या धाराशिव, जिल्ह्यात एक मोठा प्रयोग झाला. १९९९ पासून तीस ते एकोणसाठ वर्षे वयाच्या १,३१,७४६ निरोगी स्त्रियांची त्यात नोंद झाली. गावांचे ५२ समूह करण्यात आले आणि त्यांची चार गटांत विभागणी झाली. तीन गटांतील स्त्रियांची तीन निरनिराळ्या पद्धतींनी एकदाच तपासणी झाली. चौथ्या गटास माहिती देण्यात आली, तपासणी मात्र झाली नाही. २००९ मध्ये प्रसिद्ध झालेला निकाल जगभर गाजला. विषाणूच्या तपासणीचा अवलंब केलेल्या गटात ३४ स्त्रिया या रोगाने मरण पावल्या होत्या, तपासणी न झालेल्या गटात ६४. आयुष्यातील एकाच तपासणीने मृत्यूचे प्रमाण जवळपास निम्म्याने घटते, ही गोष्ट परांडा-तुळजापूरकडच्या शेतकरी स्त्रियांमुळे वैद्यकशास्त्रास कळली. चौथ्या गटाविषयी पुढे जी टीका झाली तिचाही निर्देश करणे अवश्य आहे. ज्या तपासणीची उपयुक्तता परदेशांत अगोदरच मान्य झाली होती ती काही स्त्रियांना न देणे नीतीस धरून आहे काय, असा प्रश्न टीकाकारांनी विचारला. भारतात अशी तपासणी कोणालाच मिळत नव्हती, तेव्हा तुलनेचा गट हा प्रचलित स्थितीचाच गट होय, असे संशोधकांच्या बाजूने उत्तर देण्यात आले. उत्तर तर्काला धरून आहे. पण ‘प्रचलित स्थिती’ या शब्दांनी जे झाकले जाते ते ६४ या आकड्याने उघडे पडते, हेही तितकेच खरे.

रोगाविषयी बोलण्याने भीती कमी होते हे बार्शीने दाखविले. नुसते नाव उच्चारल्याने भीती किती वाढविता येते हे शेजारच्या बीड जिल्ह्याने दाखविले. ऊसतोडणीसाठी स्थलांतर करणाऱ्या स्त्रियांत गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियांचे प्रमाण विलक्षण असल्याचे २०१९ मध्ये उघडकीस आले. शासनाने श्रीमती नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली नेमलेल्या समितीपुढे जी माहिती आली तीनुसार पाहणी केलेल्या ८२,३०९ स्त्रियांपैकी १३,८६१ स्त्रियांची ही शस्त्रक्रिया झालेली होती. एक दिवस काम चुकले तर ‘खाडा’ धरून पैसे कापले जातात, हे त्यामागील एक कारण. ‘पिशवी काढली नाही तर कॅन्सर होईल’ हे दवाखान्यात ऐकलेले वाक्य, हे दुसरे. येथे रोग नसतानाच त्याचा खर्च झाला. उचल घेऊन शस्त्रक्रिया, आणि ती उचल फेडण्यासाठी पुन्हा कोयता, असे हे चक्र आहे. कर्करोगाच्या आर्थिक इतिहासात ज्यांना कर्करोग झालाच नाही अशांचाही समावेश करावा लागतो, तो यामुळे.

शासकीय योजनांचा इतिहास त्या मानाने सरळ आहे. १९९७ च्या मूळ जीवनदायी योजनेत मोजक्याच गंभीर रोगांचा समावेश होता. २ जुलै २०१२ रोजी राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजना प्रथम ज्या आठ जिल्ह्यांत सुरू झाली त्यांत सोलापूर होता. पिवळी व केशरी शिधापत्रिका असलेल्या कुटुंबांस वर्षाला दीड लाख रुपयांपर्यंतचे उपचार रोख पैसे न भरता मिळू लागले, आणि त्यांत कर्करोगावरील शस्त्रक्रिया, किरणोपचार व औषधोपचार होते. २०१७ मध्ये या योजनेस महात्मा जोतिराव फुले यांचे नाव देण्यात आले. २०२३ मध्ये मर्यादा पाच लाख करण्याचा आणि शिधापत्रिकेच्या रंगाची अट काढण्याचा निर्णय झाला, आणि पुढील वर्षी तो अमलात आला. दरम्यान २०१२ मध्ये एका कर्करोगाच्या औषधासाठी सक्तीचा परवाना देण्यात येऊन त्याची महिन्याची किंमत २,८०,००० रुपयांवरून ८,८०० रुपयांवर आली. २०१९ मध्ये ४२ औषधांवरील विक्रेत्यांचा नफा मर्यादित करण्यात आला. राष्ट्रीय आरोग्य लेख्यांप्रमाणे आरोग्यावरील एकूण खर्चापैकी लोकांनी स्वतःच्या खिशातून केलेल्या खर्चाचा वाटा २०१३-१४ मध्ये ६४.२ टक्के होता, तो २०२१-२२ मध्ये ३९.४ टक्क्यांवर आला.

हे आकडे समाधानकारक आहेत. परंतु ज्याचा आकडा निघतो तेवढाच खर्च त्यांत असतो. २०१७-१८ च्या राष्ट्रीय नमुना पाहणीत कोणत्याही कारणाने एकदा रुग्णालयात राहण्याचा सरासरी वैद्यकीय खर्च सुमारे वीस हजार रुपये होता, कर्करोगासाठी तो सुमारे एकसष्ट हजार आढळला. योजना हा खर्च उचलते. एस. टी. चे भाडे, सोबत्याचे जेवण, आणि बुडालेली मजुरी ती उचलत नाही. सोलापूर शहराच्या पूर्व भागातील विडी वळणाऱ्या स्त्रीचे उदाहरण घ्यावे. तिची मजुरी हजार विड्यांवर ठरते. ज्या दिवशी ती पतीच्या उशाशी बसली त्या दिवशी विड्या नाहीत, म्हणून मजुरीही नाही. १९७६ च्या कायद्याने विडी कामगारांसाठी कल्याण निधी निर्माण झाला आणि त्यातून कर्करोगोपचाराचा खर्च परत मिळण्याची तरतूदही झाली. मात्र ‘परत मिळणे’ याचा अर्थ आधी कोणीतरी भरणे असा होतो. भिशी, बचत गट, हातउसने, आणि शेवटी सावकार, हा क्रम कायद्याच्या आधी जो होता तो कायद्यानंतरही पुष्कळ घरांत राहिला. जी तंबाखू वळून ही कुटुंबे जगतात, आणि मिसरीच्या रूपाने ज्या तंबाखूची सवय या भागातील असंख्य स्त्रियांना आहे, तिचा तोंडाच्या कर्करोगाशी असलेला संबंध सर्वविदित आहे. त्यावर येथे विस्तार करण्याचे प्रयोजन नाही.

अखेरचा मुद्दा मौनाचा. रुग्णास रोगाचे नाव सांगू नये, अशी विनंती नातेवाईक वैद्याला करतात, ही आपल्याकडील नित्याची गोष्ट आहे, आणि ती पौर्वात्य भावनाशीलतेचे लक्षण समजली जाते. हा समज इतिहासास धरून नाही. १९६१ मध्ये अमेरिकेतील वैद्यांची पाहणी झाली तेव्हा सुमारे नव्वद टक्के वैद्य कर्करोगाचे निदान रुग्णास न सांगण्याच्या बाजूचे होते. १९७९ मध्ये तशाच पाहणीत सत्त्याण्णव टक्के सांगण्याच्या बाजूचे निघाले. अठरा वर्षांत तेथील संस्कृती बदलली असे नव्हे, तर उपचारांची आशा आणि रुग्णाचे हक्क या दोहोंची स्थिती बदलली. आपल्याकडील मौनाला आणखी एक पदर आहे. घर रुग्णापासून फक्त रोगाचे नाव लपवीत नाही, खर्चही लपविते. आणि रुग्ण घरापासून वेदना लपवितो, कारण वेदना सांगितली की औषध, आणि औषध म्हटले की पैसा. दोन्ही बाजू प्रेमापोटीच गप्प असतात. या मौनात रुग्ण सर्वाधिक एकटा पडतो.

वेदनेचा असा समग्र विचार प्रथम ज्यांनी मांडला त्या सिसिली सॉन्डर्स यांचे चरित्र या संदर्भात बोधप्रद आहे. त्या आधी परिचारिका होत्या, १९५७ मध्ये वैद्य झाल्या. या दोहोंच्या मधल्या काळात त्या इंग्लंडच्या रुग्णालयांतील समाजसेवकाच्या पदावर होत्या. या पदाची निर्मिती एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस झाली ती कोणता रुग्ण पैसे भरू शकतो याची चौकशी करण्यासाठी. रुग्णाचे उत्पन्न विचारण्याचे ज्यांचे काम होते त्यांनाच शरीर, मन, कुटुंब आणि श्रद्धा यांची वेदना एक आहे हे उमगावे, यात आश्चर्य नाही. भारतात मुंबईस १९८६ मध्ये शांती आवेदना सदन हे मरणोन्मुख कर्करोगग्रस्तांचे पहिले शुश्रूषागृह सुरू झाले. त्याच्या आदल्याच वर्षी अमली पदार्थांविषयीचा कडक कायदा झाला होता, आणि त्याच्या धाकाने मॉर्फिनसारखे स्वस्त वेदनाशामक रुग्णालयांतूनही दुर्मीळ झाले. कायद्यातील ही अडचण २०१४ मध्ये दूर करण्यात आली. मधल्या तीस वर्षांत सोलापूर जिल्ह्यातील खेड्यांत जे रुग्ण शेवटचे दिवस घरी काढीत होते त्यांच्या वाट्याला महागडी औषधे आली, पण स्वस्त आराम क्वचितच आला.

आज योजनेखालील रुग्णालयात प्रवेश करताच रुग्णाच्या नातेवाइकाची गाठ प्रथम ‘आरोग्यमित्र’ या पदावरील व्यक्तीशी पडते. तो शिधापत्रिका पाहतो, ओळखपत्र पाहतो, मंजुरीसाठी कागद पाठवितो. मनाचा विचार करणाऱ्यासाठी ‘समुपदेशक’ ही निराळी संज्ञा शासकीय मराठीने घडविली आहे आणि तिचा फलक निराळ्या खोलीवर असतो. खेड्यातून आलेला माणूस तो फलक वाचून आत जात नाही. तो आरोग्यमित्राच्या मेजापाशीच थांबतो, आणि कागद पूर्ण झाल्यावर हळू आवाजात विचारतो की, यात सगळे बसेल ना, की अजून काही मोडावे लागेल.